कुझुहाराला नसलेला सिग्नल

उगाजिन मासुओ अबोल माणूस. पण दिवसातून साडेचारशे वेळा तो मोठ्याने बोलायचा. ही मोजदाद त्याच्या बायकोची. त्सुनेको एकदा दाताच्या डॉक्टरकडे जायला नवऱ्याच्याच गाडीत बसली, अगदी ड्रायव्हरच्या पाठीमागच्या बाकावर, आणि ताराबे ते सेनगोकु या एकोणीस किलोमीटरांत तो किती वेळा तोंड उघडतो ते तिने बोटांवर मोजलं. छप्पन्न वेळा. दिवसाच्या फेऱ्या आठ. घरी आल्यावर ती शेजारणीला म्हणाली, "लग्नाला एकतीस वर्षं झाली. बोलतात हो ते, नाही असं नाही. पण सगळं खांबांशी."

बोलण्याची रीत ठरलेली होती. सिग्नल दिसला की पांढरा हातमोजा घातलेला उजवा हात उचलायचा, तर्जनी सिग्नलवर रोखायची आणि त्याचं नाव घेऊन रंग खणखणीत म्हणायचा. निघायचा सिग्नल, हिरवा. वळण आलं की वेगाच्या पाटीवर बोट. वळण, पस्तीस. मग घड्याळावर बोट, फलाटाच्या टोकावर बोट, दारं बंद झाल्याच्या दिव्यावर बोट. नुसत्या डोळ्यांनी पाहिलेलं निसटतं. हाताने दाखवलेलं, तोंडाने म्हटलेलं आणि आपल्याच कानांनी ऐकलेलं निसटत नाही, असं नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवतात. उगाजिनला ते शिकवून तेहेतीस वर्षं झाली होती. ताराबे रेल्वेची गाडी एका डब्याची, डब्यात कर्मचारी एकच, त्यामुळे त्याचं हे सगळं म्हणणं मागचे उतारू ऐकायचे. रोज शाळेला जाणाऱ्या मुलींना ते पाठ झालं होतं. त्यांतल्या काही जणी त्याच्यासोबत ओठ हलवायच्या.

घरीही हात उचलला जायचा. गॅस, बंद. दार, कुलूप. त्सुनेको म्हणायची, एकदा तरी माझ्याकडे बोट करून म्हणा की, बायको, ठीक. माणसांकडे बोट दाखवू नये, असं उगाजिन सांगायचा आणि बूट घालायला बसायचा.

अठ्ठावन्न वर्षांचा होता. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

त्याच्या ऐन उमेदीच्या काळात ज्याची चूक व्हायची त्याला एका खोलीत बसवून नियमपुस्तक हाताने उतरवून काढायला लावत. उगाजिनची गाडी एकदा फलाटावरच्या खुणेच्या दोन मीटर पुढे जाऊन थांबली, तेव्हा त्याने सहा दिवस ब्रेकचं प्रकरण उतरवलं होतं. सहाव्या दिवशी त्याला ते प्रकरण मुखोद्गत झालं आणि आणखी एक गोष्ट कळली. चूक कोणी पाहिली नसेल तर सांगायची नाही. ती सगळ्यांनाच कळलेली होती. त्या काळात ताराबे रेल्वेवर चुका फार कमी होत.

पुढे कायदा बदलला. रेल्वे कितीही चिमुकली असो, तिने सुरक्षेचे नियम लिहून सरकारला द्यायचे, सुरक्षेची जबाबदारी एका माणसाच्या नावावर करायची आणि दर वर्षी काय घडलं, काय घडता घडता राहिलं, ते छापून लोकांसमोर ठेवायचं, असं ठरलं. ताराबे रेल्वेत माणसं एकतीस. ही जबाबदारी नुकागाच्या नावावर झाली. नुकागा आधी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात होता. रुळांचं त्याला फारसं कळत नव्हतं, पण नोंद न झालेली गळती म्हणजे काय ते चांगलं कळत होतं. त्याने चहाच्या खोलीत एक हिरवी पेटी बसवली आणि तिच्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'चिठ्ठी लिहिणाऱ्याला दोष नाही.' काम करताना जिथे छातीत धस्स झालं, पण नुकसान काही झालं नाही, ते चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं. लोक त्यांना दचक-चिठ्ठ्या म्हणू लागले.

पहिल्या वर्षी चार चिठ्ठ्या आल्या. एवढ्या थोड्या कशा, असं विभागीय परिवहन कचेरीने विचारलं. तेव्हा नुकागाने माणशी महिन्याला दोन असा नियम केला. मग दर महिन्याला बासष्ट चिठ्ठ्या येऊ लागल्या. माणसाचं मन मोठं उपजाऊ असतं. शेडच्या पायरीवरून घसरता घसरता सगळे वाचू लागले. एकाला कावळ्याने दचकवलं, एकाला स्वतःच्या सावलीने. तिकीटखिडकीवरच्या बाईंनी सलग तीन महिने गांधीलमाशीवर भागवलं आणि थंडी पडल्यावर कोळ्याकडे वळल्या. उगाजिन मात्र दर महिन्याला दोन चिठ्ठ्यांवर एकच वाक्य लिहायचा, 'या महिन्यात दचकलो नाही.' नुकागा त्या 'अपूर्ण' असं लिहिलेल्या फायलीत लावून ठेवायचा.

कुझुहारा स्टेशनावर पूर्वी दोन रूळ होते. वरची आणि खालची गाडी तिथे एकमेकींना ओलांडायची. गाड्या कमी झाल्या तसा दुसरा रूळ गंजायला लागला, आणि त्या वर्षी सप्टेंबरात तो काढून टाकला. रूळ एकच राहिला म्हटल्यावर सिग्नलचंही काम उरलं नाही. आधी सिग्नलच्या तोंडावर फुलीची पाटी मारली, महिन्याभराने खांब मुळातून कापून नेला. तशी सूचना निघाली, सगळ्या ड्रायव्हरांकडे फिरली, प्रत्येकाने आपापल्या नावाचा शिक्का मारला. उगाजिनचा शिक्का दुसरा होता, जरासा तिरका.

नोव्हेंबरच्या एका मंगळवारी सकाळी ताराबेहून सात-अठराची गाडी घेऊन तो कुझुहाराला आला. सहा मुली चढल्या, एक म्हातारी उतरली. दारं मिटली. दारांचा दिवा, बंद. घड्याळ, सात एकेचाळीस. मग हात उचलला गेला, बोट डावीकडच्या आभाळाकडे रोखलं गेलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात तो म्हणाला, "निघायचा सिग्नल, हिरवा."

गाडी निघाली. फलाट मागे पडला, मुळे वाळत घातलेल्या बांबूच्या मांडवावरून ऊन सरकलं, आणि दोन-अडीचशे मीटर गेल्यावर उगाजिनला आठवलं की तिथे सिग्नल नाही.

मागे मुली आपसात काही कुजबुजत होत्या. त्यांना ते कळलं होतं की त्या दुसऱ्याच कशाला हसत होत्या, हे समजायला मार्ग नव्हता. त्याने गाडी सेनगोकुला वेळेत नेली. पुढचे सगळे सिग्नल त्याने दोन-दोनदा पाहिले आणि दोनदा पाहूनही आपण पाहिले की नाही याची त्याला खात्री वाटेना.

त्या संध्याकाळी घरी मिसोच्या सारात तळून घातलेलं वांगं होतं. ते त्याला आवडायचं. त्याने ते तसंच ठेवलेलं पाहून त्सुनेकोने काय झालं म्हणून विचारलं आणि त्याने सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली की चूक म्हणायला निदान सिग्नल तरी हवा. लाल होता आणि तुम्ही हिरवा म्हणालात, तर ती चूक. नसलेल्याला हिरवा म्हणालात, तर त्याने कोणाचं काय बिघडलं? मीसुद्धा आईला जाऊन आठ वर्षं झाली तरी नवीन वर्षाला तिचा वाडगा मांडते.

"तू वाडगा रिकामा आहे हे जाणून मांडतेस," उगाजिन म्हणाला. "मला तो दिसला. हिरवा."

त्सुनेकोने त्याच्याकडे पाहिलं.

"लख्ख दिसला. काचेवर धूळ होती नेहमीसारखी, तीही दिसली. तिथे काही नसताना मला हिरवा दिसतो, तर जिथे काही असतं तिथे मला काय दिसत असेल?"

तिने वांगं परत गरम केलं. थोड्या वेळाने तिने एवढंच विचारलं की हे लिहिलं तर गाडी काढून घेतील का. कदाचित, असं तो म्हणाला. चौदा महिन्यांसाठी? कदाचित. गाडी सोडली तर त्याला दुसरं काही येत नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेतीचा तुकडा होता, पण त्यात त्सुनेकोच चांगली होती. त्याने लावलेला कांदा कधी धड यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने चिठ्ठी लिहिली. 'कुझुहाराचा निघायचा सिग्नल हिरवा असल्याचं पाहिलं व म्हटलं. तिथे सिग्नल नाही.' चिठ्ठीवर पुढे रकाने होते. 'काय नुकसान होऊ शकलं असतं?' त्याने लिहिलं, 'तिथे काही नाही.' 'पुन्हा होऊ नये म्हणून उपाय?' हा रकाना त्याने बराच वेळ पाहिला आणि कोरा सोडला.

नुकागाने त्याला बोलावलं तेव्हा चहा आधीच ओतून ठेवला होता. बरं बोलायचं नसलं की तो आधी चहा ओतायचा. त्याने सांगितलं की नऊ दिवसांनी विभागीय कचेरीतून तपासणी येते आहे. सगळी दप्तरं लावून झाली आहेत. रुळांची मापं आहेत, चाकांची मापं आहेत, ड्रायव्हरांच्या दारू-तपासणीच्या पट्ट्या तारखेवार चिकटवल्या आहेत. आणि आता ही चिठ्ठी. ही कोणत्या सदरात लावायची तेच कळत नाही. सिग्नल ओलांडला म्हणावं तर सिग्नल नाही. सिग्नल बिघडला म्हणावं तरी सिग्नल नाही.

"तुम्ही पाच जण आहात," तो म्हणाला. "पाचांत एक कमी झाला की वेळापत्रक लंगडं होतं. सात-अठराची कोण नेणार? त्यात साठ पोरं असतात."

"तेच मला वाटतं," उगाजिन म्हणाला. "साठ पोरं असतात."

नुकागाने चहाची वाटी फिरवली. त्याने सुचवलं की ही चिठ्ठी थोडी वेगळ्या शब्दांत लिहिता येईल. म्हणजे, सिग्नल काढल्यामुळे ती जागा चुकल्यासारखी वाटली, वगैरे. किंवा पायरी. पायरीवर कोणाचं काही म्हणणं नसतं.

उगाजिन म्हणाला की पायरीवरून तो कधी घसरला नाही. नुकागाने चिठ्ठी घेतली आणि 'अपूर्ण'च्या फायलीत लावली. उपायाचा रकाना कोरा होता, तेव्हा तसं करायला त्याला कारणही होतं.

बातमी लपत नाही. शनिवारी ओगाने नावाचा ड्रायव्हर घरी आला. सत्तावीस वर्षांचा, पाच ड्रायव्हरांत सगळ्यांत लहान. वर्षभर तो उगाजिनच्या शेजारी उभा राहून गाडी शिकला होता, म्हणून अजून त्याला उस्ताद म्हणायचा. त्याने पर्सिमनच्या फळांची पिशवी आणली होती, ती कोतात्सूच्या, म्हणजे शेगडीच्या बैठ्या टेबलाच्या, उबदार दुलईवर ठेवली, आणि बराच वेळ फळांबद्दलच बोलला. मग एकदम म्हणाला, "उस्ताद, ती चिठ्ठी मागे घ्या."

"का रे?"

"कारण मग मलाही लिहावी लागेल."

त्याने सांगितलं की खांब कापून नेल्यावर तीन दिवस तोही कुझुहाराला हिरवा म्हणत होता. चौथ्या दिवशी एका शाळकरी मुलीने विचारलं, ड्रायव्हरदादा, कुठे आहे हिरवा? तेव्हा कळलं.

"आणि खरं सांगू का?" तो म्हणाला. "निम्म्या वेळा मी नुसता ओरडतो. हात आपोआप जातो, तोंड आपोआप बोलतं. मी तेव्हा जेवणाचा विचार करत असतो. सगळ्यांचं तसंच आहे. तुमचंच तसं नसेल असं वाटत होतं."

"मलाही तसंच वाटत होतं," उगाजिन म्हणाला.

त्सुनेकोने फळं सोलून आणली. ओगाने चार फोडी खाऊन गेला. चिठ्ठी मागे घेतो, असं उगाजिन म्हणाला नाही आणि घेत नाही असंही म्हणाला नाही. नंतर त्सुनेको म्हणाली, पोराचं लग्न ठरतंय. उगाजिन म्हणाला, माहीत आहे.

तपासणीला बाई आल्या. हान्युदा त्यांचं नाव. तिशीच्या आतबाहेरच्या असतील, सर्दी झालेली, तोंडावर मास्क. बरोबर दोन सहायक होते, ते रुळांकडे गेले. बाई स्वतः दप्तरांच्या खोलीत बसल्या आणि त्यांनी सुरुवातीलाच दचक-चिठ्ठ्या मागितल्या. गेल्या महिन्याच्या साठ चिठ्ठ्या त्यांनी एक एक करून वाचल्या. सगळं वाचून झाल्यावर म्हणाल्या, "बारा जण एकाच पायरीवरून घसरलेत. ती पायरी बघता येईल का?"

सगळे पायरी बघायला गेले. पायरी कोरडी होती. तिच्या कडेला खरखरीत रबराची पट्टी होती, दोन्ही बाजूंना कठडा होता. बाईंनी पायरीवर पाय ठेवून पाहिला, घासून पाहिला. मग शिंकल्या. नुकागा म्हणाला की पावसात ती वेगळी असते. गेल्या महिन्यात पाऊस किती दिवस होता, असं बाईंनी विचारलं. त्या प्रश्नाचं उत्तर दप्तरात होतं आणि ते नुकागाच्या उपयोगाचं नव्हतं.

परत आल्यावर त्यांनी विचारलं की साठच का, एकतीसच्या दुप्पट बासष्ट होतात. दोन अपूर्ण आहेत, असं नुकागा म्हणाला. तीही फाईल त्यांनी मागितली. तिच्यात कितीतरी वर्षांच्या 'या महिन्यात दचकलो नाही' होत्या, एकाखाली एक, एकाच हाताच्या. सगळ्यांत वर ताजी चिठ्ठी होती. ती वाचताना बाईंनी मास्क खाली ओढला.

मग त्यांनी ड्रायव्हरांनी कुठे काय म्हणायचं त्याचा तक्ता मागवला. नियमपुस्तकाला जोडलेला, सरकारला कळवलेला तक्ता. त्यांनी पेन्सिलीचं टोक ओळींवरून खाली नेलं आणि सतराव्या ओळीवर थांबवलं. कुझुहारा, निघायचा सिग्नल. रूळ काढला होता, खांब काढला होता, पण तक्त्यातली ओळ काढायची राहून गेली होती.

नुकागाचा चेहरा आधी पडला, मग हळूहळू उजळला. पाणीपुरवठ्यात असतानाही त्याला हे जमायचं.

"म्हणजे उगाजिन-साननी लिखित नियमाप्रमाणेच म्हटलं?" त्याने विचारलं.

"कागदाप्रमाणे, हो. बाकीच्यांनी म्हटलं नसेल, तर नियम त्यांनी मोडला."

उगाजिनला फलाटावरून बोलावून घेतलं. नुकागाने उत्साहाने त्याला सगळं समजावलं. चूक तुमची नाही, तक्त्याची. तक्ता आजच दुरुस्त होईल. कंपनीला एक ताशेरा बसेल, तो बसू दे, ताशेऱ्याने कोणी मरत नाही. तुम्ही नियमाप्रमाणे वागलात आणि चौदा महिने असेच वागा. उगाजिन टोपी हातात घेऊन उभा होता. बाईंनी विचारलं, तक्त्यात आहे म्हणून म्हणालात ना?

एवढं 'हो' म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. खोलीतल्या सगळ्यांना ते दिसत होतं. उगाजिनलाही दिसत होतं.

"तक्ता मी तेहेतीस वर्षांपूर्वी वाचला होता," तो म्हणाला. "त्यानंतर वाचला नाही. मला सिग्नल दिसला म्हणून मी म्हटलं."

"दिसला म्हणजे?"

"हिरवा दिसला."

"आणि त्याच्या आदल्या दिवशी?"

"आदल्या दिवशी काय दिसलं, ते मला माहीत नाही. त्याच्या आधीचंही माहीत नाही. म्हणून तर चिठ्ठी लिहिली."

बाईंनी लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून त्यांनी शांतपणे सांगितलं की यावर निर्णय त्या देऊ शकत नाहीत. कायद्याने तो सुरक्षेची जबाबदारी ज्यांच्या नावावर आहे त्यांनी द्यायचा असतो. तपासणीचं काम फक्त तो दिला जातो की नाही हे बघण्याचं. सगळे नुकागाकडे बघायला लागले. नुकागाची नजर काचेच्या दारातून पलीकडे, चहाच्या खोलीकडे गेली. इथून पेटी दिसत होती. तिच्यावरची अक्षरं त्याचीच होती.

इतक्या वर्षांत त्याने सह्या पुष्कळ केल्या होत्या, पण निर्णय असा एकही घेतला नव्हता. तो खाकरला.

"उद्यापासून उगाजिन-सान गाडी चालवणार नाहीत. पुन्हा पारखून योग्य ठरेपर्यंत." मग त्याला वाटलं की अजून काही सांगायचं राहिलं आहे. "दोष नाही," तो म्हणाला. "पण चालवणार नाहीत."

उगाजिनने वाकून नमस्कार केला. बाहेर गेल्यावर टोपी घालायची त्याला आठवण राहिली नाही.

फलाटांवर सूचना लागली की ड्रायव्हर उपलब्ध नसल्यामुळे दुपारची एक फेरी रद्द आहे, त्याबद्दल अंतःकरणपूर्वक क्षमस्व. दुपारच्या फेरीने जाणारी माणसं अकरा. त्यांतले नऊ जण दवाखान्यात जाणारे म्हातारे होते. त्यांना कारण कळलं तेव्हा मतं दोन झाली. एक आजोबा म्हणाले, जो नव्हताच तो सिग्नल दिसला म्हणून कोणी घरी बसतं का, मला तर मेलेला कुत्रा रोज दिसतो. त्यांच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, म्हणूनच तुम्हाला गाडी चालवायला देत नाहीत.

उगाजिनला ताराबेच्या फलाटावर ठेवलं. तो पाचोळा झाडायचा, व्हीलचेअरसाठी फळी लावायचा, गाडी सुटली की पाहत राहायचा. तेहेतीस वर्षांत सिग्नल त्याने नेहमी पुढून, येता येता पाहिला होता. खाली उभं राहून त्याचा रंग बदलताना तो आता पहिल्यांदा पाहत होता. लाल जातो आणि हिरवा येतो, त्या दोहोंमध्ये एक क्षण काहीच नसतं. काच नुसती काळी असते, आणि मागचा डोंगर असतो. तो क्षण इतका छोटा होता की पाहायचा ठरवल्याशिवाय दिसत नव्हता. तो पाहण्यासाठी उगाजिन दिवसातून दोन-तीनदा झाडू टेकवून थांबायला लागला.

शेजारच्या मोठ्या रेल्वेतून एक प्रशिक्षक आला. त्याने उगाजिनचे डोळे तपासले, यंत्रासमोर बसवून दिव्यांची बटणं दाबायला लावली, रिकाम्या गाडीत शेजारी बसून तीन फेऱ्या मारल्या. सगळं यायला, पाहायला आणि लिहायला तीन आठवडे जाणार होते.

दुसऱ्या आठवड्यात हिरव्या पेटीत ओगानेची चिठ्ठी आली. 'कुझुहाराला तीन दिवस नसलेला सिग्नल म्हटला. इतर ठिकाणी न पाहता म्हणतो, अंदाजे निम्म्या वेळा.' उपायाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'उस्तादांना विचारावं.' त्या पाठोपाठ चार दिवसांत उरलेल्या तिघांच्याही चिठ्ठ्या आल्या. एकाने लिहिलं की अमुक पुलावरच्या वेगाच्या पाटीचा आकडा त्याला आज विचारला तर सांगता येणार नाही, पण तोंडाला येतो.

आता पेटीवरचा शब्द पाळायचा आणि चौघांनाही पारखायला बसवायचं, तर ताराबे रेल्वे बंदच ठेवावी लागणार. नुकागाने रविवारी घरी बसून एक कागद तयार केला. ड्रायव्हरांनी आळीपाळीने, एकेकाने गाडीवरून उतरायचं, तीन आठवडे फलाटावर काम करायचं, पारख द्यायची आणि परत चढायचं. हा क्रम दर दोन वर्षांनी. अधूनमधून एखाद्या फेरीत नुकागा स्वतः ड्रायव्हरशेजारी बसेल. आणि चिठ्ठ्यांची संख्या ठरलेली नसेल. तो कागद विभागीय कचेरीला गेला, मान्य होऊन आला. त्या महिन्यात पेटीत एकूण नऊ चिठ्ठ्या आल्या. पायरीवरून कोणीही घसरलं नाही.

उगाजिन योग्य ठरला. डिसेंबरच्या अठरा तारखेला सात-अठराची त्याला परत मिळाली. त्सुनेकोने त्या सकाळी लोणच्याचा मुळा जरा जाड कापला. सकाळच्या हजेरीत फुंकर मारून दारू-तपासणी झाली, घड्याळ जुळवलं, आणि नुकागा मफलर गुंडाळून त्याच्याशेजारच्या घडीच्या खुर्चीवर बसला. त्याच्या मांडीवर फळी होती, फळीवर कोरा तक्ता.

कुझुहाराला मुली चढल्या. दारं मिटली. उगाजिनने डावीकडे पाहिलं. आभाळ होतं, विजेच्या तारा होत्या, मुळ्यांचा मांडव आता रिकामा होता. हात गुडघ्यावरून जरासा उचलला गेला. त्याने तो तसाच राहू दिला, मग खाली ठेवला. गाडी निघाली. नुकागाने फळीवर काहीतरी खूण केली. चांगली की वाईट, ते उगाजिनने विचारलं नाही.

पुढचं स्टेशन ओबाना. सात सत्तेचाळीसला तिथला आत शिरायचा सिग्नल हिरवा असतो. समोरची गाडी एक मिनिट आधी येऊन बाजूच्या रुळावर उभी असते, म्हणून तो हिरवाच असतो. गेल्या अकरा वर्षांत त्या वेळेला उगाजिनने तो दुसऱ्या रंगाचा पाहिला नव्हता. वळण संपलं, झाडी मागे सरली, खांब दिसला. तोंडात शब्द तयार होता.

त्याने आधी पाहिलं.

"आत शिरायचा सिग्नल," तो म्हणाला आणि थांबला. हात उचललेलाच होता. "लाल."

त्याने ब्रेक लावला. गाडी सिग्नलच्या अलीकडे, पुरेशी जागा ठेवून थांबली. मागे मुलींची बडबड एकदम बंद झाली, मग पुन्हा सुरू झाली. रेडिओवर कळलं की समोरची गाडी दोन मिनिटं उशिरा आहे. ती ओगाने आणत होता. अजून त्याची पारखीची पाळी आली नव्हती, पण हल्ली तो प्रत्येक सिग्नल बघत होता, आणि बघायला वेळ लागतो.

"का थांबलो?" नुकागाने विचारलं.

"लाल आहे."

"समजा, तुम्हाला हिरवा दिसला असता तर?"

"तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्राने गाडी थांबवली असती. त्यासाठीच ते बसवलेलं आहे."

नुकागाने मान डोलावली. त्या यंत्राची नोंद त्याच्याच दप्तरात होती, दर तीन महिन्यांनी तपासल्याची. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आणि महिन्याभरापूर्वी? दिसला असता का लाल?"

उगाजिनने विचार केला. खरोखरच केला. काचेवर श्वासाची वाफ जमली होती, ती त्याने हातमोज्याने पुसली.

"माहीत नाही," तो म्हणाला.

नुकागाने फळीवर काय लिहावं याचा विचार केला आणि पेन खिशाला लावलं. मग तो खुर्चीतून जरा पुढे वाकला. सुरक्षेची जबाबदारी त्याच्या नावावर होऊन इतकी वर्षं झाली होती, तरी गाडीच्या पुढच्या काचेतून सिग्नल त्याने कधी असा निरखून पाहिला नव्हता. दिवा त्याला वाटला होता त्यापेक्षा लहान होता. मागे कोणीतरी विचारलं की शाळेला उशीर होईल का, आणि उगाजिनने माईकवर सांगितलं, होय, दोन मिनिटं. मग दोघंही लाल दिव्याकडे पाहत बसले, डोळे न हलवता.